सावित्रीच्या काठाने : झाडं, मासे आणि उघडे पडलेले डोह

पहिला दिवस : महाबळेश्वर ते पोलादपूर

सावित्री नदी डोंगरापासून खाडीपर्यंत काठाकाठाने बघायची, हे फार दिवसांपासून मनात होतं. सगळा काठ चालत जाणं शक्य नाही. मध्येच कुंपणं येतात, कुठे सरळ कडाच असतो. म्हणून धाकट्या भावाच्या मोटारसायकलवर निघायचं आणि जिथे वाट दिसेल तिथे उतरून नदीपर्यंत जायचं, असं ठरलं. मे अखेरीचे दिवस मुद्दाम निवडले. कोकणातली नदी पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहते, तेव्हा तिचं काय बिघडलंय ते दिसत नाही. मे महिन्यात धार तुटते, डोह तेवढे उरतात, आणि पुढच्या पावसापर्यंत ज्या माशाला जगायचं असेल त्याला त्या डोहातच जगावं लागतं.

सकाळी आर्थर सीटच्या कठड्याशी उभे राहिलो. खाली सावित्रीचं खोरं सरळ तुटून गेलेलं. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातलं या बाजूचं पाणी 1300 मीटरहून अधिक उंचीवरून उतरून शंभरेक किलोमीटरमध्ये समुद्राला मिळतं. एवढ्या वेगाने धावणाऱ्या पाण्याला धरून ठेवायला वाटेत जंगलाशिवाय दुसरं काहीच नाही.

आंबेनळी घाट उतरताना एका वळणावर ओढ्यात थोडं पाणी दिसलं, तिथे थांबलो. वरती जांभळाची गर्द सावली, खाली घोटाभर पाणी. दगडांच्या बेचक्यात कुजत पडलेल्या पानांचा एक गठ्ठा उचलून तळहातावर पसरला. काळी पडलेली, जाळीदार झालेली पानं, आणि त्यांत हलणारं जग. चतुराची एक अळी होती, नखाएवढा खेकडा होता. वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेल्या नळीत राहणारी एक अळी तर घरासकट माझ्या बोटावर चढायला लागली. गठ्ठा होता तसा परत ठेवला. सावलीतल्या ओढ्यात शेवाळ फारसं वाढत नाही, कारण ऊनच पोचत नाही. तिथलं अन्न वरून पडतं : पान, फूल, फळ, फांदीवरून निसटलेला किडा. पानावर आधी बुरशी चढते, ती मऊ झालेली पानं अळ्या खातात, अळ्यांवर मुऱ्या आणि मळ्ये हे छोटे मासे जगतात, आणि त्यांच्यावर पुढचे सगळे.

मुक्काम पोलादपूरला आत्याकडे. जेवताना वलगणीचा विषय निघालाच. पहिला मोठा पाऊस झाला की मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून शेतात चढतात, अंडी घालायला. आत्या म्हणाली, "आम्ही कंदील घेऊन जायचो रात्रीचे. आता पोरं बॅटऱ्या घेऊन जातात आणि हात हलवत परत येतात." चढणीचे मासे अंडी घालण्याआधीच धरले जातात हे एक कारण आहेच, आणि ते टाळता येण्यासारखं आहे. पण मासा चढायला आधी डोहात मे महिना काढून उरलेला असावा लागतो, हे दुसऱ्या दिवशी नीट कळलं.

दुसरा दिवस : पोलादपूर ते महाड

सकाळी सातलाच निघालो. महामार्ग सोडून एका गावातून खाली उतरलो, गावाचं नाव लिहीत नाही. डोहाच्या काठावर एक काका पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, झटकत उभे होते. साठी ओलांडलेले, अंगाने काटक. भावाने ओळख करून दिली, "काका, ही माझी ताई, नदी बघायला आलीय." काका म्हणाले, "बघण्यासारखी आधी होती. चला, दोन्ही दाखवतो."

आम्ही उभे होतो तो डोह अजून शाबूत होता. काठावर दोन मोठे उंबर, पाण्यावर झुकलेली करंजांची रांग, खडकांच्या फटीत शेरणीची झुडपं. एका उंबराच्या मुळांखालची माती पुराने वाहून गेली होती, पण मुळांनी काठ सोडला नव्हता. मुळांच्या त्या जाळीत पाणी काळंभोर होतं. काकांनी हाताने गप्प राहायची खूण केली. वरून एक पिकलं उंबर पाण्यात पडलं, आणि ते बुडायच्या आत खालून चारपाच सावल्या वर आल्या. फळ गेलं, वर्तुळं उरली. "खडस," काका हळूच म्हणाले. महाशीर. "आम्ही गळाला उंबरच लावायचो. पिठाची गोळी त्याच्यापुढे काय!" उंबराला वर्षातून अनेकदा फळ धरतं, एकाच हंगामात नाही. डोहावरचं एक उंबर म्हणजे माशांसाठी बाराही महिने उघडी असलेली खाणावळ.

तिथून अर्धा किलोमीटर खाली गेलो. काठ एकदम उघडा झाला. डाव्या अंगाला वीस-पंचवीस बुंधे, गुडघ्याएवढ्या उंचीवर करवतीने सपाट कापलेले. काहींना तांबूस फुटवे आले होते, ते शेळ्यांनी खाल्ले होते. काठाची माती जागोजागी ढासळून पाण्यात उतरलेली. नदी तीच, पाणी तेच, मधे अर्ध्या किलोमीटरचं अंतर. पाण्यात पाय घातला तर कडेला ते कोमट लागत होतं आणि तळ हिरव्या, बुळबुळीत शेवाळाने भरला होता.

काकांनी पाग खांद्यावर घेतला, एक गाठ दातात धरली आणि कमरेतून वळून फेकला. शिशाच्या गोळ्या पाण्यावर एकदम आपटल्या, गोल पडला. सावकाश ओढून वर घेतला. शेवाळाचे लोंबते पुंजके, एक काटकी, दोन चिलाप्या, म्हणजे तिलापिया मासे. काकांनी चिलाप्या पिशवीत टाकल्या आणि बराच वेळ जाळीतलं शेवाळ निवडत बसले. "या मुळांत हात घातला तरी मासा लागायचा, ताई. आता पाग टाकून टाकून खांदा भरून येतो. मळ्ये गेले, खवळे गेले. खडस तर इथे थांबतच नाय. ही चिलापी आपली नाय, पण तीच उरली."

का उरली, याचं कारण सोपं आहे. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, 30 अंशांना तो साडेसातवर येतो. त्याच वेळी गरम पाण्यात माशाचं शरीर जास्त प्राणवायू मागतं. त्यात सावली गेल्यावर शेवाळ माजतं. ते दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच ओढून घेतं. म्हणून अशा डोहात पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. काकांनी हे पुस्तकात वाचलेलं नाही, पण त्यांनीच सांगितलं, "उजाडायच्या आधी ये कधी. मासे तोंड वर काढून उभे असतात." वाहत्या, गार पाण्याचे मासे हे सोसू शकत नाहीत. चिलापी सोसते. तिला उन्हातलं उथळ, गाळाचं तळ घरटं करायला उलट बरंच पडतं. हवेतून श्वास घेणारा मरळ टिकतो. बाकीचे जातात.

गाळाचं वेगळंच. महाशीरसारखे मासे वाहत्या पाण्यात खडी-गोट्यांवर अंडी घालतात. गोट्यांमधल्या फटींतून पाणी खेळत राहिलं तरच अंडं जगतं. काठ ढासळला की माती त्या फटींत बसते आणि अंडं गुदमरतं. वरून पाहणाऱ्याला नदीचा तळ तसाच दिसतो.

झाडं कुणी तोडली, असं विचारल्यावर काका जरा गप्प झाले. मग म्हणाले, "मालकाने विकली. सरपणवाल्याने नेली. कुणाला बोलणार? मालकालाही पैसा लागतो. आणि पुरानंतर सगळेच म्हणत होते, काठ मोकळा करा."

हे शेवटचं वाक्य मला सोडून देता येत नाही. जुलै 2021चा पूर या भागाने भोगला आहे. महाडमध्ये पहिल्या मजल्यापर्यंत पाणी गेलं होतं, त्याच दिवसांत तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांना नदी मोकळी वाहावी असं वाटलं तर त्यात चूक नाही. पुलाच्या खांबात अडकलेले ओंडके काढलेच पाहिजेत, पात्राच्या मधोमध वाढून प्रवाह अडवणारं झुडूपही काढावं लागतं. पण काठावरचं मुळं धरून उभं असलेलं झाड हे त्याच हिशोबात धरलं, तर हिशोब उलटतो. त्याच्या मुळांनी धरलेली माती सुटते, पात्रात बसते, तळ वर येतो, आणि पुढच्या पुराचं पाणी आधीपेक्षा लवकर गावात शिरतं. मग गाळ काढायचा, काठाला दगडी पिचिंग करायचं, आणि त्या पिचिंगमध्ये ना मुळं, ना बिळं, ना सावली.

कायद्याकडे पाहिलं तर चित्र अर्धंमुर्धं आहे. महाराष्ट्रात 1964 पासून वृक्षतोड नियमनाचा अधिनियम आहे. त्याच्या अनुसूचीतल्या झाडांना हात लावायला परवानगी लागते. साग, खैर, आंबा, फणस, हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ ही नावं त्यात आहेत, खाऱ्या पाण्यातली कांदळवनंही आहेत. उंबर आणि करंज नाहीत, वाळुंजही नाही. ज्या झाडांवर डोह जगतात त्यांतली बरीचशी त्या यादीच्या बाहेर राहिली आहेत. यादी करताना लाकूड, फळ, औषध यांचा विचार झालेला दिसतो, झाडाखालून वाहणाऱ्या पाण्याचा नाही. काठापासून ठरावीक अंतरातलं झाड, मग ते कुठल्याही जातीचं असो, या नजरेने पाहायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

दुपारी वरच्या डोहाशीच भाकरी सोडली. खडकावर काकांनी एक जागा दाखवली. वाळलेली विष्ठा, तिच्यात चकचकीत खवलं आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे. पाणमांजर. "ही जात पोरांना घेऊन मुळांखालच्या बिळात राहते. खाली झाडं गेल्यापासून तिकडे जात नाय." खालच्या अंगाला आंब्याच्या ढोलीत मासेखाऊ घुबडाची जोडी होती, तीही गेली. हे घुबड म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत किंवा कपारीत अंडी घालतं, आणि पाण्याजवळचं तसं झाड तयार व्हायला माणसाचा जन्म पुरत नाही. खंड्याला निदान तारेवर बसता येतं, पण झुकलेल्या फांदीवरून सरळ खाली दिसणारा मासा तारेवरून दिसत नाही. पाणी झळकतं नुसतं.

संध्याकाळी महाडजवळच्या पुलावर थांबलो. खालच्या वाळूवर एक मगर ऊन खात पडली होती, तोंड उघडं. पुलावरचे लोक तिला नेहमीची शेजारीण असल्यासारखे बघून पुढे जात होते. मगर काठाच्या वाळूत खड्डा करून अंडी घालते, दोनेक महिन्यांनी पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. म्हणजे गाळ काढणारी यंत्रं नदीत उतरायचे दिवस आणि तिची अंडी उबायचे दिवस एकच.

तिसरा दिवस : वाळणकोंड

बिरवाडीच्या बाजूने आत गेलं की काळ नदीवर वाळणकोंड हा खोल डोह लागतो. ही नदी पुढे सावित्रीलाच मिळते. कातळात कापत गेलेलं अरुंद पात्र, वर झुलता पूल, काठाला वरदायिनी देवीचं ठाणं. कोंडातले मासे देवीचे, त्यांना कुणी धरत नाही. चुरमुरे टाकले की पाणी उसळतं. हाताएवढे, त्याहून मोठे महाशीर एकमेकांच्या पाठीवरून चढतात, त्यांची मोठी खवलं उन्हात तांबूस चमकतात. भाऊ किती तरी वेळ पुलावरून हललाच नाही.

मी मात्र काठ बघत होते. कातळाच्या खाचेमुळे डोहावर दिवसाचा बराच वेळ सावली असते, आणि डोह खोल आहे. झाडांची उणीव इथे खडक भरून काढतो. पण हे मासे वर्षभर इथेच राहत नाहीत. पावसाळ्यात ते वरच्या ओढ्यांत चढतात, अंडी तिथे पडतात, पिल्लं तिथल्या उथळ, सावलीच्या पाण्यात वाढतात. देवीचं राखण कोंडापुरतं आहे. वरच्या ओढ्याकाठची झाडं त्यात येत नाहीत. देवळात दर्शनाला आलेल्या एका मावशींना मी हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "खरं आहे तुझं. मासा देवीचा, तर त्याची वाटही देवीचीच म्हणायला पाहिजे." गावात हे बोलायला हवं, असंही त्या म्हणाल्या. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. वैतरणेवर तिळसे इथेही देवळाकाठी असेच मासे राखलेले आहेत. जिथे श्रद्धेने डोह राखला, तिथे तीच श्रद्धा वरच्या दोनतीन किलोमीटर काठापर्यंत नेणं हे बाहेरून आणलेल्या कुठल्याही योजनेपेक्षा लवकर रुजेल.

लोणावळ्याजवळ वळवणच्या केंद्रात महाशीरची अंडी हाताने फलित करून पिल्लं वाढवण्याचं काम कित्येक दशकं चाललं आहे. ते मोठंच काम आहे. पण ती पिल्लं काल पाहिलेल्या उघड्या डोहात सोडली तर किती जगतील?

परतताना ओढ्याकाठी अंधार पडला आणि काजवे दिसायला लागले. काठाच्या झाडांवर लाखोंनी, एका लयीत. पावसाच्या आधीचे हे थोडेच दिवस. पाऊस लागला की याच ओढ्यांवर तिबोटी खंड्या येईल. रायगड जिल्ह्याचा पक्षी म्हणून त्याला मान मिळालेला आहे. झाडीतल्या ओढ्याच्या मातीच्या काठात तो बोगदा करून अंडी घालतो. त्याला मातीचा उभा काठ लागतो आणि वर झाडीही लागते.

चौथा दिवस : दासगाव, आंबेत, बाणकोट

महाडपर्यंत भरतीचं पाणी येतं, त्यामुळे पुढे नदीचा स्वभाव बदलतो. दासगावच्या आसपास काठाला निवराची झाडं दिसली, गुलाबी फुलांच्या लोंबत्या माळा पाण्यावर. थोडं खाली तिवर आणि चिपी ही कांदळवनातली झाडं सुरू होतात. आंबेतच्या पुलावरून दोन्ही काठांची हिरवी किनार लांबवर दिसत होती.

कांदळवनांच्या बाबतीत इतकं तरी झालं आहे की ती तोडणं सोपं राहिलेलं नाही. राज्याने 2012 मध्ये कांदळवन कक्ष उभा केला. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचं सांगितलं. खाडीवरच्या मच्छीमारांना हे पटवावं लागत नाही. कोळंबी, चिंबोरी, जिताडा यांची पिल्लं तिवराच्या मुळांत वाढतात हे त्यांना घरातच शिकायला मिळतं. गोड्या पाण्यातल्या उंबर-करंजांचं काम अगदी तेच आहे, पण त्यांच्यासाठी असा ना कक्ष, ना निकाल.

दुपारी वेसवीला पोचलो. जंगल जेटीची, म्हणजे माणसं-गाड्या खाडीपार नेणारी, बोट पलीकडे बागमांडल्याच्या बाजूला गेली होती, ती येईपर्यंत जाळं विणत बसलेल्या एका वयस्क चाचांशी बोलणं झालं. आम्ही वरून, घाटातून आलो हे ऐकून त्यांनी हातातलं काम थांबवलं. "तुमच्या वरची माती इथे येते, बेटी. पूर्वी दासगावपर्यंत मोठी गलबतं जायची, माझ्या आजोबांनी नेलेली. आता ओहोटीला आमची होडीसुद्धा रुतते. आणि गाळ बसला तिथे कालवं धरत नाहीत." काल-परवा पाहिलेल्या बुंध्यांबद्दल मी सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. फक्त विचारलं, "परत लावणार कोण?"

संध्याकाळी बाणकोटहून काकांना फोन लावला. त्यांनी तोवर जमीनमालकाची गाठ घेतली होती. काठाची दहा-पंधरा फुटांची पट्टी सोडायला तो तयार आहे, झाडं वाढल्यावर करंजाच्या बिया त्याच्या, एवढंच त्याचं म्हणणं. मग फोनवरच ठरवलं. पाण्यालगत वाळुंजाच्या आणि निर्गुडीच्या फांद्या, कारण त्या ओल्या मातीत खोचल्या तरी मूळ धरतात. त्यांच्या मागे करंज, बिया सध्या झाडाखाली पडलेल्याच आहेत. उंबर वरच्या डोहाशेजारी आपोआप उगवलेल्या रोपांतून घ्यायचं. सध्याच्या बुंध्यांना आलेले फुटवे तोडायचे नाहीत, त्यातला एकेक जोमदार ठेवायचा, जुनं मूळ जिवंत आहे तोवर तेच सगळ्यात लवकर वाढेल. शेळ्यांसाठी काटेरी कुंपण काका घालतील. फांद्या भाऊ पोलादपूरहून आणेल. माती एकदा पुरती भिजली की मृगातच काम उरकायचं, कारण आर्द्रा लागल्यावर काठावर उभं राहता येत नाही.